तीन तासांचं पुस्तक

मार्च सुरू झाला की माझ्या वाचनालयाच्या पायऱ्या सकाळी साडेदहालाच भरतात. समोरची शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आहे. मुलं आत गेली, फाटक लागलं, की बाहेर आया उरतात. घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही, आणि गेल्या तरी जीव इथेच. मग त्या माझ्या पायऱ्यांवर, सोसायटीच्या कठड्यावर, झेरॉक्सवाल्याच्या छपराखाली बसतात आणि पुठ्ठ्याने वारा घेतात. कोणाच्या पिशवीत काकडी, कोणाच्या ग्लुकोजचं पाणी. दुपारी वारा फिरला की एमआयडीसीकडून तो घसा खवखवणारा वास येतो आणि सगळ्याजणी एकदम नाकाला ओढण्या लावतात. डोंबिवलीतल्या परीक्षेला माझ्या लेखी हाच वास आहे, त्यात थोडं सकाळच्या दही-साखरेचं आंबटगोड मिसळलेलं.

पहिल्या वर्षी मी त्यांना हाकलणार होतो, पायऱ्या अडवतात म्हणून. मग डोकं चाललं. पाटी लावली, ‘तीन तासांसाठी पुस्तक मिळेल’. पेपर सुटला की पुस्तक परत. नापास होण्याच्या भीतीवर कथा-कादंबरी हा चांगला उतारा आहे. दुसऱ्याच्या घरात आग लागलेली वाचली की आपल्या घरातला धूर जरा कमी वाटतो.

मी फुटपाथवर जुनी पुस्तकं विकून वर आलेला माणूस. एखाद्या घरातलं वाचणारं माणूस गेलं की कपाट रिकामं करायला मला बोलावतात. मी कपाटाकडे आधी बघत नाही, बोलावणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्याला किती घाई आहे ते कळलं की भाव ठरला. घासाघिशीत मला आजवर कोणी हरवलेलं नाही. रागीट म्हणूनही माझं नाव आहे. पान दुमडणाऱ्याला मी चारचौघांत सोलून काढतो. आणि माझ्या मनात एक डंख आहे, तो विसरायचं मला जमत नाही. यंदाच्या मार्चने तो पुन्हा ताजा केला.

झालं असं की यंदा पायऱ्यांवर सगळ्यांना एकच कादंबरी हवी आहे. आमच्याच वाचनालयाच्या जुन्या सभासद, निवृत्त शिक्षिका लिमयेबाई, यांनी ती लिहिली आहे. बारावीतली एक मुलगी पेपर देऊन बाहेर पडते आणि घरी पोचतच नाही. बाप धान्याचा व्यापारी. तो पोलिसात जात नाही, दुकान बंद करत नाही. विचारणाऱ्याला सांगतो, पोरगी आत्याकडे अभ्यासाला गेली आहे. मुलगी शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही. मी दोन प्रती घेतल्या, दोन्ही दिवसभर फिरत्या. आणि मी गल्ल्यामागे बसून रोज तीन तास ऐकतो.

“पोरगी गेली तरी हा बाप दुकान उघडून बसतो? माणूस आहे की दगड?”

“अगं, उघडणारच. बंद ठेवलं तर लोक विचारतील ना, का बंद म्हणून.”

“मी असते ना, त्याच्याच तराजूत घालून रस्त्यावर ओतला असता.”

“तू आधी तुझ्या नवऱ्याला ओत. काल ओरडत होता, मॅथ्समध्ये नव्वदच्या खाली आलास तर याद राख म्हणून. सगळ्या विंगला ऐकू आलं.”

सगळ्या हसल्या. ती बाई हसली नाही. तिने शाळेच्या फाटकाकडे पाहिलं आणि पान उलटलं.

एकजण पुस्तक घेऊन गल्ल्याशी आली. “काका, शेवटची पानं फाटलीत का हो? मुलगी सापडलीच नाही!”

“फाटलेली नाहीत. तिथेच संपलंय.”

“असं कसं? तीन तास वाचायचं आणि पोरगी नाहीच? लेखिका इथलीच ना? सांगा तिला, पोरगी घरी आणून दे म्हणावं.”

ती कुठे गेली असेल यावर रोज नवा तर्क निघतो. एखाद्या मुलाबरोबर पळाली. मालिकेत काम करायला गेली. खाडीत गेली, असंही एकजण हळूच म्हणाली, तेव्हा दोघींनी तिला गप्प केलं, परीक्षेच्या वेळी नको ते बोलू नकोस म्हणून.

संध्याकाळी दोन्ही प्रती परत आल्या की मी पानं तपासतो. आमच्या सभासदांना जुनी खोड आहे. पुस्तक वाचून झालं की मागच्या पानावर पेन्सिलने आपली खूण करायची, कोणी फुली, कोणी कमळ, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं जात नाही. खुणा मी चालवून घेतो. या कादंबरीत मात्र लोक शेरे लिहायला लागले. एकीने लिहिलं, ‘बापाला जोड्याने मारा.’ तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘आधी आईला.’ आणखी एका पानावर नुसतं ‘नीच’. मी खोडरबर घेऊन बसतो. पुस्तक स्वच्छ ठेवणं माझं कामच आहे. पण खरं सांगायचं तर बायकोवरचे शेरे मी आधी खोडतो, माझ्यावरचे नंतर.

कारण तो बाप मी आहे.

फरक एवढाच की माझी मुलगी परत आली. सात वर्षांपूर्वी, असाच मार्च, फिजिक्सचा पेपर. केतकी तेव्हा सतरा वर्षांची. मी तिच्याशीही भाव करायचो. ‘किती टक्के, ते बोल,’ हे माझं रोजचं वाक्य. ती म्हणायची पंच्याहत्तर, मी म्हणायचो नव्वद, शेवटी पंच्याऐंशीवर तोडलं. पंच्याऐंशी आण, स्कूटी घे. तो आकडा मी तिच्या परीक्षेच्या पॅडच्या मागे जाड मार्करने लिहून दिला होता. मला वाटलं, बाप किती हौशी! फोन परीक्षेपुरता काढून घेतलेला. कादंबरीतल्या बापाच्या तोंडी माझं ‘किती टक्के’ जसंच्या तसं आहे.

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी पायी सगळी डोंबिवली पालथी घातली. कल्याणला गेलो, ठाण्याला गेलो, हॉस्पिटलांच्या बाहेरून चकरा मारल्या. सकाळी वाचनालय उघडलं, आणि पहिल्याच सभासदाने विचारलं, “काय, केतकीचा पेपर कसा गेला?” तोंडातून निघून गेलं, “बरा गेला. मोहन्याला मावशीकडे पाठवलीय, केमिस्ट्रीच्या अभ्यासाला. इथे गोंगाट फार.”

एकदा बोललो की मी बोललो. मग ते टिकवायला हवं. दुपारी मी बायकोला कपड्यांची पिशवी देऊन खरंच मोहन्याला पाठवलं, तिच्या बहिणीकडे, कल्याणपलीकडे, बंद रेयॉन कारखान्याजवळ. लोकांनी तिला पिशवी घेऊन जाताना पाहावं म्हणून. ती रडत होती. मी म्हणालो, “डोळे पूस आणि जा. रडत गेलीस तर काय उपयोग?” हे वाक्य कादंबरीत नाही. कोणाला माहीतच नाही.

जो येईल त्याला मी मोहने सांगत राहिलो. शेजारच्या इमारतीतली तिची मैत्रीण ग्लोरिया दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला आली, तिने विचारलं, “काका, केतकी कुठेय?” तिलाही तेच. ती जरा वेळ उभी राहिली, पुस्तक न बदलताच गेली. तिसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीच्या दारापर्यंत जाऊन परतलो. आत एक ओळखीचा माणूस बसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी केतकी दारात उभी. युनिफॉर्म धुतलेला, त्याला इस्त्री. केमिस्ट्रीचा पेपर बुडालेला. मी विचारलं, कुठे होतीस? ती न्हाणीघरात गेली. तेव्हापासून आजपर्यंत तिने सांगितलेलं नाही. मी सगळे मार्ग केले. ओरडलो. मग भाव केला. स्कूटी घे, सांग. ठाण्यात होस्टेलला राहायचंय ना, राहा, पण सांग. ती म्हणाली, “ते विकायचं नाहीये, बाबा.” आता ती ठाण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी करते, मैत्रिणींबरोबर राहते, महिन्यातून एका रविवारी येते. आईशी गप्पा मारते. माझ्याशी हवापाण्याचं बोलते. पूर्वी मला अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो करते.

ते तीन दिवस मला अजून माहीत नाहीत. म्हणून मी पायऱ्यांवरच्या बायकांचे तर्क कान देऊन ऐकतो. त्यांना वाटतं, काका किती मन लावून वाचकांचं ऐकतात!

कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ‘किती टक्के’चा राग आला नाही. ते वाक्य अख्ख्या वाचनालयाने ऐकलं होतं. राग आला तो मधल्या एका प्रसंगाचा. त्यात एक बाई ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत त्या मुलीला बघते. मुलगी बाकावर बसलेली, मांडीवर पॅड, पॅडच्या मागे मार्करने लिहिलेला आकडा. तो आकडा वाचनालयात कोणी पाहिलेला नव्हता. म्हणजे लिमयेबाईंनी माझी मुलगी पाहिली होती.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. दुपारचे चार वाजले होते, त्या शेंगा सोलत होत्या.

“या. बसा.”

“बसायला आलो नाही. खोपटला तुम्ही होतात. माझी पोरगी तुम्हाला दिसली.”

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. “हो.”

“आणि मला सांगितलं नाहीत! पुस्तक मात्र लिहिलंत. माझ्या घरात आग लागली, तुम्ही त्यावर पापड भाजलेत.”

“तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सकाळी काय सांगितलं होतं, आठवतंय?” बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही, वर्गात असायचा तसाच. “केतकी मोहन्याला आहे. आणि आदल्या संध्याकाळी ती मला खोपटला दिसली होती. मला वाटलं, बापाला ठाऊक आहे. घरातलं काहीतरी नाजूक असेल, म्हणून मोहने सांगतायत. मी तुमच्यापुढे येऊन म्हणायचं होतं का, तुम्ही खोटं बोलताय?”

“होय! म्हणायचं होतं!”

“तुम्ही ऐकून घेतलं असतंत?”

त्यांना माझा स्वभाव माहीत होता.

“तुमची अब्रू राखली मी,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडे हेच शिकवतात, नाही का? दुसऱ्याच्या घरचं दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. ती मला बघून उठली होती. दोन पावलं पुढे आली. मी हसले तिच्याकडे बघून, आणि माझ्या बसमध्ये चढले. हे मी पुस्तकात लिहिलं नाही. जमलं नाही.”

मी शिव्या घालायला गेलो होतो. पुष्कळ तयारीने गेलो होतो. जिना उतरताना लक्षात आलं, एकही घातली नव्हती.

त्यानंतर मी पुस्तक वाचनालयातून काढून टाकणार होतो. काढलं नाही. इतकी मागणी असलेलं पुस्तक मी काढत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही उशिरा सांगितलं. मला त्या तीन दिवसांचं उत्तर हवं होतं, आणि ते देईल तर एखादी वाचणारी बाईच देईल, असं वाटत होतं.

तसंच झालं. परवा फिजिक्सचाच पेपर होता. ऊन असं की पायऱ्यांवर बसवत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना आत घेतलं होतं. एक ठेंगणी बाई, पहिल्यांदाच आलेली, पुस्तक संपवून म्हणाली, “यात अवघड काय आहे? पोरगी मैत्रिणीकडे. बारावीच्या पोरी जातात कुठे? मैत्रिणीकडे, नाहीतर मैत्रिणीच्या नात्यागोत्यात.”

“मग बापाला एवढं सुचलं नाही?” दुसरीने विचारलं.

“सुचलं असेल की! पण विचारायला कुठल्या तोंडाने जाणार? आत्याकडे गेली म्हणून गावभर सांगून बसलाय. मैत्रिणीला विचारलं की खोटं उघडं.” तिने मागच्या पानावर पेन्सिलने एक छोटा त्रिकोण काढला. “पोरगी बिचारी वाट बघत असेल, बाप एकदा तरी विचारेल म्हणून.”

माझ्या हातात तारखेचा शिक्का होता. मी तो कागदावर टेकवला, उचलायचं विसरलो. पुस्तक न बदलता गेलेली ग्लोरिया मला दिसली. ती पुस्तकासाठी आलीच नव्हती.

आजचा रविवार केतकीचा. ती आली तेव्हा वाचनालयात कोणी नव्हतं, रविवारी पेपर नसतात. ती घरात जायच्या आधी दोन मिनिटं इथे थांबते, तेवढीच. नव्या पुस्तकांच्या फळीवरून तिने तीच कादंबरी उचलली. मी तिला ती कधी दाखवली नव्हती.

“वाचलीय मी,” ती म्हणाली. “दवाखान्यात एका पेशंटच्या हातात होती. त्या म्हणाल्या, वाच, तुझ्या डोंबिवलीची आहे. वाचून झाल्यावर म्हणाल्या, असले बाप असतात का गं?”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हणाले, वर बघा, पापणी मिटू नका.”

ती पानं चाळत होती. मी पुसलेल्या शेऱ्यांचे करडे डाग तिला दिसत होते. सवयीने पहिला विचार आला, आता विचार, आत्ता ती नरम आहे. माणसाच्या तोंडाकडे बघून भाव करायची सवय. मी ती गिळली.

“मी सगळ्यांना सांगितलं होतं, तू मोहन्याला आहेस म्हणून,” मी म्हणालो. “तुझ्या आईला पिशवी देऊन पाठवलं, लोकांना खरं वाटावं म्हणून. ग्लोरिया आली होती. तिलाही तेच सांगितलं. तिला विचारलं असतं तर मला कळलं असतं. मी विचारलं नाही. मला कळायला तर हवं होतं, पण विचारल्याचं कोणाला कळायला नको होतं.”

केतकीने पुस्तक जागेवर ठेवलं. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “ग्लोरियाने त्याच संध्याकाळी फोन केला होता. काका म्हणतात तू मोहन्याला आहेस, म्हणाली. आम्ही दोघी आधी हसलो.”

“मग?”

“मग हसू थांबलं.”

पंखा फिरत होता. रस्त्यावरून उसाच्या गाडीचे घुंगरू वाजत गेले.

“मी तिच्या आजीकडे होते,” ती म्हणाली. “भाईंदरच्या पुढे, समुद्राकडे. एकदा सणाला जेवायला गेले होते, तेवढी ओळख. पेपर सुटल्यावर खोपटला संध्याकाळपर्यंत बसले, जाऊ की नको करत. लिमयेबाई हसून निघून गेल्या, तेव्हा गेले. आजीने विचारलं, घरी माहीत आहे ना? मी म्हटलं, हो, बाबा येणार आहेत न्यायला.” तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “मी खोटं बोलले. पण मला वाटत होतं, ते खरं होईल.”

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, “नको. आजी अजून आहे. येता का?”

मी वाचनालयाला कुलूप लावलं. केतकीच्या आईला निरोप दिला. ठाण्याला उतरलो, खोपटहून बस घेतली. त्या डेपोत बाक कुठला, हे मी विचारलं नाही. बसमध्ये खिडकीची जागा तिने मला दिली. बाहेर कोरडी मिठागरं, पांढऱ्या ढिगांवर ताडपत्र्या, मग ताडाची झाडं, मग वाळत घातलेल्या मासळीचा वास. वर्षानुवर्षं मी ही जागा डोक्यात उभी करत आलो होतो. तीत नेहमी अंधार असायचा, एखादा परका पुरुष असायचा. इथे रस्त्याच्या कडेला क्रूसापुढे झेंडूची माळ होती आणि एक कोंबडी पिल्लं घेऊन चालली होती.

आजी ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. केतकीला बघताच त्यांनी चिंचेचे हात पदराला पुसले आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“यो तुजा बापूस?”

केतकीने मान हलवली.

“पोरगी बोलली, बापूस येनार न्यायला,” आजी मला म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. “मी तीन दिस तुजं ताट वाढून ठेवलं रे. तू कां नाय आला?”

माझ्याकडे उत्तरं कायम तयार असतात. गिऱ्हाईक बोलायच्या आधी असतात. केतकी माझ्याकडे बघत होती, आणि हे उत्तर ऐकायलाच तिने मला आणलं होतं.

“लाज वाटली, आजी,” मी म्हणालो. “लोकांची.”

“कोनत्या लोकांची?”

मी नावं सांगायला तोंड उघडलं. एकही नाव आठवेना.